रेकॉर्डिंग ऐकलं म्हणजे अभ्यास झाला नाही

ऑनलाइन पदवीला प्रवेश घेतलाय म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी बघणं, दूरस्थ-ऑनलाइन प्रवेशासाठीचा डीईबी आयडी, क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा एबीसी आयडी हे सगळं तुमचं झालेलंच असणार, त्यात मी शिरत नाही. "ऑनलाइन डिग्रीला कोण विचारतं?" असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय.

मी पतसंस्थेत हिशेब बघते. मुलगी तिसरीत आहे, सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही, आणि मी ऑनलाइन एम.कॉम. करतेय. पहिल्या सत्रात माझे दोन पेपर राहिले. का राहिले, ते नीट ऐका.

लाइव्ह तास संध्याकाळी सातला असायचा. नेमका तेव्हाच स्वयंपाक आणि मुलीचा गृहपाठ. म्हटलं, रेकॉर्डिंग आहे ना, नंतर ऐकू. मग कणीक मळताना, एसटीत, कपडे वाळत घालताना कानात तास चालू, तोही दीडपट वेगाने. पोर्टलवर "पूर्ण"च्या हिरव्या खुणा वाढत गेल्या आणि मला मनापासून वाटत होतं की अभ्यास होतोय. जूनच्या पेपरात मागणीच्या लवचिकतेवर प्रश्न आला. प्रश्न ओळखीचा होता, शिकवणाऱ्या मॅडमचा आवाजसुद्धा आठवला, पण दुसरी ओळ सुचेना. ऐकलेलं ओळखता येतं. लिहायचं तर ते आधी एकदा तरी आपल्या हातून उतरलेलं असावं लागतं. 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सची रचना बघा: चार भागांपैकी व्हिडिओ हा एकच. वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वतःची चाचणी हे उरलेले तीन मी उघडलेच नव्हते.

आता तासांचा हिशेब. इग्नूमध्ये (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात) एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे १२० तास. असे पाच पेपर घेतले तर ६०० तास, म्हणजे २४ आठवड्यांत दर आठवड्याला २५ तास. नोकरी सांभाळून हे तास कुठून काढणार? दिवसभर हिशेब करणाऱ्या मला हा हिशेब निकाल लागल्यावर सुचला, याचं अजून वाईट वाटतं. आता मी पहाटे साडेचार ते सहा बसते. अर्धा तास वाचन, मग पुस्तक मिटून कागदावर उत्तर. रेकॉर्डिंग फक्त अडलेल्या जागेपुरतं.

तयार असाइनमेंट विकत घेऊ नका. ग्रुपवर त्या पीडीएफ फिरत असतात. इग्नूच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत असाइनमेंटला ३० टक्के भार असतो म्हणून लोक त्या उतरवून काढतात, पण उत्तर लिहिण्याचा सराव तिथेच तर होतो. आणि पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांचा सल्ला मला तरी उपयोगी पडला नाही. तुमच्याच अभ्यासक्रमात एक सत्र पुढे असलेलं माणूस शोधा. समंत्रकांना, म्हणजे मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना, प्रश्न विचारायला लाजू नका. मी सहा महिने लाजले.

मार्चएंडच्या महिन्यात नवीन धडा उघडूच नका, होणार नाही. असाइनमेंट फेब्रुवारीतच संपवा.

घरी मात्र स्पष्ट बोला. मी आधी बोलले नव्हते, सगळं गपचूप उरकत होते. निकाल सांगितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी सांगायचंस की. भाजी मी बसून निवडून देईन." तेव्हापासून परीक्षेच्या आधीचे दोन महिने रात्रीचा स्वयंपाक आमचे हे बघतात.

घाबरू मात्र नका. इग्नूची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. बऱ्याच ठिकाणी अशी सवलत असते, आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा बघून घ्या. झेपत नसेल तर काही पेपर पुढच्या परीक्षेला ठेवा. राहिलेल्या दोनपैकी माझा एक सुटलाय. दुसरा, तोच अर्थशास्त्राचा, या डिसेंबरला आहे.