रांगतं मूल घरात असेल तर आधी बादली पालथी घाला

मूल रांगायला लागायच्या आत, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापर्यंत, घर त्याच्यासाठी सुरक्षित करायची तयारी उरकून ठेवा. औषधं वर, काडेपेटी वर, सुऱ्या वर, सॉकेटला झाकणं. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर शब्द घालवत नाही. आमच्या मागच्या यादीत हे सगळं होतं, बाथरूममधली भरलेली बादली मात्र राहून गेली होती. म्हणून या वेळी सुरुवात तिथूनच.

ठाण्यात २४ तासांच्या शटडाउनची, म्हणजे पाणी बंद राहणार असल्याची, सूचना आली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप पाणी भरून ठेवण्याचा असतो. पुरवठा सुरू झाल्यावरही एक-दोन दिवस दाब कमी राहतो, त्यामुळे बादल्या, टब, पिंपं भरलेलीच राहतात. हेच दिवस सर्वांत धोक्याचे. वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. काठाला धरून ते वाकलं की तोल पुढे जातो, आणि स्वतःला वर रेटायची ताकद हातांत नसते. २० लिटरची भरलेली बादली २० किलोची आणि मूल नऊ-दहा किलोचं, त्यामुळे बादली कलंडत नाही, मूलच आत जातं. नाक-तोंड पाण्यात असल्यामुळे आवाजही येत नाही. पाच सेंटिमीटर पाणीसुद्धा बुडायला पुरतं. तेव्हा ‘तळाशी थोडंच आहे’ हे कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

वापर झाला की बादली ओतायची आणि पालथी घालायची. घरातल्या प्रत्येकाने, मावशींनीसुद्धा. साठवायचंच असेल तर फिरकीच्या घट्ट झाकणाचे कॅन घ्या. पिंपावर झाकण नुसतं टेकवलेलं नको, आणि ताट तर नकोच, कारण मूल त्यावर हात टेकतं आणि ताट सरकतं. बाथरूमच्या दाराला बाहेरून, जमिनीपासून पाच फुटांवर कडी बसवून घ्या. आतली खालची कडी काढून टाका, नाहीतर मूल स्वतःला कोंडून घेईल. कडी लागली म्हणजे बादली भरलेली ठेवायला हरकत नाही, असं समजू नका. पाहुणे आले की ती कडी हमखास उघडी राहते. कपडे भिजवलेला टब, लादी पुसायची बादली, एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली, या सगळ्या बादल्याच. आंघोळ घालताना दारावरची बेल वाजली तर मुलाला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या.

आता खिडकी. आपल्याकडच्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या आणि जुने डबे असतात, आणि मूल तिथे बसून रस्ता बघत असलं की मोठ्यांना निर्धास्त वाटतं. पावसाळ्यांमागून पावसाळे खाऊन त्या ग्रिलचे बोल्ट आणि तळाच्या पट्ट्या गंजलेल्या असतात. मुलाला त्यात अजिबात बसवू नका. दरवर्षी मेच्या अखेरीस लोहाराकडून वेल्डिंग आणि बोल्ट तपासून घ्या. गजांमधलं अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. आडव्या गजांवर मूल शिडीसारखं चढतं, तिथे आतून जाळी लावा. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. खिडकीखाली सोफा किंवा खुर्ची नको. लहान फ्लॅटमध्ये पलंग खिडकीलाच लागतो, तिथे ग्रिल मजबूत केल्याशिवाय काच उघडू नका.

पोटात जाणाऱ्या वस्तूंपैकी दोन नेहमी सुटतात. एक म्हणजे नाण्यासारखा चपटा सेल. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी यांत तो असतो. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर ती वस्तू घराबाहेर काढा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा, सकाळपर्यंत थांबू नका. दुसरा कापूर. देवघर मुलाच्या हाताला येईल इतकं खाली असतं आणि कापराच्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात. थोड्याशा कापरानेही काही मिनिटांत झटके येऊ शकतात. डब्बी वर ठेवा, डांबरगोळ्याही. फिनेल, ॲसिड पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतू नका. दारावर येणारे विक्रेते तशाच बाटल्यांतून विकतात, त्या घेऊच नका. मुलाने प्यायलंच तर मिठाचं पाणी देऊन उलटी काढू नका, घसा दुसऱ्यांदा भाजतो.

मूल मांडीवर असताना हातात चहा नको. गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि आंघोळ संपली की बादली पालथी, हे पुन्हा सांगतोय. भाजलं तर २० मिनिटं नळाच्या साध्या पाण्याची धार धरा. शटडाउन असेल तर कॅनमधलं पाणी हळूहळू ओता. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

बाकीचं भराभर. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. टीव्ही आणि कपाट भिंतीला ब्रॅकेटने आवळा. पडद्याच्या दोऱ्या वर बांधा. शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत अख्खे नकोत, द्राक्षं उभी चिरून चार फोडी. घास अडकून श्वास कोंडला तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आणि हेच पुन्हा पुन्हा.

मूल पाण्यात सापडलं तर उलटं धरून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला लगेच सुरुवात करा, फोन दुसऱ्याला लावू द्या. एकटे असाल तर स्पीकरवर टाका. हे वाचून जमत नाही, घरातल्या दोघांनी तरी प्रत्यक्ष शिकून घ्या. रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन ११२, विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्समधलं केंद्र १८०० ११६ ११७. तिन्ही नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवा, आणि त्याच कागदावर सर्वांत वर लिहा: बादली पालथी, कडी लावली.