कीटोवर पोटरीत गोळे येतात? आधी या चुका टाळा

रात्री तीनच्या सुमाराला पोटरीत असा गोळा आला की झोपेतच ओरडलो. हात लावला तर स्नायू दगडासारखा घट्ट, पाऊल आपोआप खाली ओढलेलं, आणि पाय जरा हलवला तरी कळ गुडघ्यापर्यंत. कीटो, म्हणजे भात-पोळी-साखरेतले कार्ब्ज अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार, सुरू करून नववा दिवस होता. सकाळी उठून मी काय केलं? पाणी वाढवलं. तीन लिटरचं साडेचार केलं. त्या रात्री दोन्ही पोटऱ्या वळल्या.

गोळे आले म्हणजे पाणी कमी पडलं, असं आपण धरूनच चालतो. कीटोवर गणित वेगळं असतं. कार्ब्ज तोडले की इन्सुलिन उतरतं. हे इन्सुलिन साखरेचं काम बघतं तसंच किडनीला सोडियम धरून ठेवायलाही लावतं. ते उतरलं की सोडियम लघवीवाटे निघून जातं आणि जाताना पाणी घेऊन जातं. शिवाय स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत येतं, आणि त्याच्या दर ग्रॅमामागे साधारण ३ ग्रॅम पाणी अडकलेलं असतं, तेही सुटतं. पहिल्या आठवड्यात वजनकाटा दोन किलो खाली आला म्हणून आपण खूश होतो, त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त असतं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसलं तर उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. तहान लागेल तेवढं प्यावं. घड्याळ लावून पिऊ नये.

दुसरी चूक मिठाची, आणि माझ्या मते गोळ्यांचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. डाएट म्हटलं की मीठ कमी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात पाकिटातले पदार्थ बंद झाल्यामुळे त्यांतून नकळत पोटात जाणारं मीठही थांबतं. कीटोवर निरोगी माणसासाठी दिवसाला एकूण ३ ते ५ ग्रॅम सोडियम सुचवलं जातं. इथे घोळ होतो तो सोडियम आणि मीठ एकच समजण्याचा. मिठात सोडियम सुमारे ४० टक्केच. सपाट भरलेला एक छोटा चमचा म्हणजे ६ ग्रॅमच्या आसपास मीठ, आणि त्यात सोडियम २.३ ग्रॅम. सैंधव वापरलं म्हणून हिशोब बदलत नाही, तेही सोडियम क्लोराइडच.

मी करतो ते सोपं आहे. कपभर गरम सूप, त्यात पाव चमचा मीठ, दिवसातून दोनदा. उठताना येणारी भोवळ आणि डोक्याचा जडपणा त्यानं उतरला, तर मीठच कमी पडत होतं असं समजायला हरकत नाही. पण रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हा प्रयोग स्वतःच्या मनानं करू नका. कीटोवर रक्तदाब उतरू शकतो, त्यामुळे त्याच्या औषधाचा डोसही डॉक्टरांना पुन्हा बघावा लागतो. मधुमेहाच्या औषधांचं तर आहार बदलण्याआधीच विचारून घ्यावं.

गोळा आला की गोळी, हा आपला खाक्या. बहुतेक जण सरळ मॅग्नेशियम आणतात. वयस्कांच्या पायात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसला नाही, असा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. आहारातच ते कमी पडत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग निदान डबीवर काय लिहिलंय ते वाचा. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त असतं, शरीरात मात्र कमी शोषलं जातं आणि पोट बिघडवतं. सिट्रेट किंवा ग्लायसिनेट बरं. मला विचाराल तर मूठभर भोपळ्याच्या बिया आणि पालक यांपासून सुरुवात करावी.

पोटॅशियमच्या बाबतीत मात्र चूक महागात पडते. सोडियम घटलं की शरीर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढवून उरलेलं वाचवायला बघतं, आणि त्या व्यवहारात पोटॅशियम बाहेर टाकतं. म्हणजे मीठ सावरलं की पोटॅशियमची गळतीही बरीचशी थांबते. ते न करता लोक केळं खातात. मध्यम केळ्यात पोटॅशियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि कार्ब्ज जवळजवळ २७ ग्रॅम! दिवसाचा सगळा कोटा एका फळात. अॅव्होकॅडो, पालेभाज्या, मशरूम, मासे यांतून ते मिळतं. पोटॅशियम क्लोराइडची पूड किंवा कमी सोडियमचं मीठ (त्यातही बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असतं) चमच्यानं खाऊ नका. किडनी कमजोर असेल किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात.

प्रत्यक्ष गोळा आलेला असताना पोटरी जोरात रगडू नका. गुडघा सरळ ठेवा, पायाची बोटं हातानं स्वतःकडे ओढा आणि तसंच धरून ठेवा. उभं राहता येत असेल तर टाच जमिनीवर टेकवून भिंतीला रेलायचं. स्नायू हळूहळू सुटतो. दुसऱ्या दिवशी पोटरी दुखरी राहते, त्या दिवशी पळायला जाऊ नये.

सगळंच कीटोच्या माथी मारणं हीसुद्धा चूकच. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, लाल दिसतोय, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा सूप पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही स्नायू दुखतात. आणि मीठ सावरून दोन आठवडे झाले तरी गोळे थांबत नसतील, तर रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या.

एक शेवटचं, कारण यात मी स्वतः फसलो. कीटो सोडून पुन्हा कार्ब्ज खायला लागलो, पण मिठाचं सूप सवयीनं चालूच ठेवलं. चार दिवसांत पावलं सुजली, मोज्यांचे वळ घोट्यावर उमटायला लागले. इन्सुलिन परत वाढलं होतं आणि किडनी पुन्हा सोडियम धरून बसली होती. आहार बदलला त्याच दिवशी वरचं मीठ बंद करायला हवं होतं.