मुलांना सांभाळून घेणारा शिकवणीचा शिक्षक कसा शोधावा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मला हमखास फोन येतो, “काकू, गणितासाठी कुणी चांगलं आहे का हो?” स्वतःच्या दोन मुली, बहिणीचा मुलगा आणि नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या इमारतीतली चार-पाच मुलं, एवढ्यांसाठी मी आजवर शिक्षक शोधले आहेत. त्यामुळे “क्लासचा निकाल बघा आणि नाव टाका” असं कुणी सांगितलं की मला राहवत नाही. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो असतात त्यांतली बरीच मुलं मुळातच हुशार असतात. तुमचं मूल अडखळलं की तिथे त्याच्याशी कसं वागतात, हे फ्लेक्सवरून कळत नाही.

आधी नेमकं काय अडतंय ते बघा

“गणित कच्चं आहे” एवढ्यावर शिक्षक शोधायला निघू नका. दहावीला बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन वेगळे लेखी पेपर असतात. बहिणीच्या मुलाला बीजगणित छान यायचं, भूमितीत सिद्धता लिहायची वेळ आली की हात थांबायचा. त्याला दोन महिने फक्त भूमिती हवी होती. शेवटच्या दोन चाचण्यांचे पेपर मुलासोबत बसून पाहिले की हे अर्ध्या तासात कळतं.

मूल सेमी इंग्रजीचं असेल तर आणखी एक गोष्ट. शाळेत ‘काँग्रुअंट’ शिकवतात आणि शिकवणीत ‘एकरूप’. दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत हे मुलाला कुणी सांगतच नाही. शिक्षकाला दोन्ही भाषांतले शब्द सहज यायला हवेत.

कुठे शोधायचं

घराजवळ. इंदिरानगरहून गंगापूर रोडला संध्याकाळी मुंबई नाक्याच्या गर्दीतून मूल नेलं, तर ते पोहोचतं तेव्हाच दमलेलं असतं. निवृत्त शिक्षक, बीएड करणारे विद्यार्थी, कॉलेज रोडला एमएस्सी करणारी मुलं-मुली यांच्याकडे चौकशी करा. एमएस्सीच्या मुलांना लोक उगाच नाकारतात. अडलेल्या गणिताची आठवण त्यांना ताजी असते, हे मी तीनदा अनुभवलं आहे.

मुलाच्या शाळेतल्याच शिक्षकांना मात्र विचारू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. तुम्ही आग्रह केलात तर तेही अडचणीत आणि तुम्हीही.

आधीच्या पालकांना फोन कराल तेव्हा “कसे शिकवतात?” असं विचारू नका, “चांगलं शिकवतात” एवढंच उत्तर येतं. विचारा, “गृहपाठ झाला नसेल तर सर काय म्हणतात?” समोरचा क्षणभर थांबला की मी पुढचं लक्ष देऊन ऐकते.

पहिले तीन दिवस

लोक इथेच चुकतात. मीही चुकले, आणि त्याची किंमत थोरलीने मोजली.

ती आठवीत होती. एका सरांचं नाव सगळे घेत होते. ते घरी आले, चाळीस मिनिटं शिकवलं आणि मी थक्क झाले. किती ओघवतं बोलणं, किती सुंदर अक्षर! वर्षाची फी मी त्याच दिवशी दिली. दोन महिन्यांनी पाच वाजले की लेकीचं पोट दुखायला लागायचं. आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. नंतर एका रात्री ती रडत म्हणाली, “आई, चुकलं की ते माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतात.” त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं की रागावलं नव्हतं. फक्त पेन्सिल काढून घ्यायची, भराभर गणित सोडवायचं आणि म्हणायचं, “इतकं सोपं आहे.” तिने वहीत नुसतं उतरवायचं. पहिल्या दिवशी ते चाळीस मिनिटं माझ्यासाठी बोलले होते. लेक एक शब्दही बोलली नव्हती, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हापासून मी एका तासावर ठरवत नाही. तीन दिवसांचे पैसे देते, फुकट डेमो मागत नाही. मुलाला येत नाही असंच गणित पहिल्या दिवशी समोर ठेवायला लावते. आणि मी समोर बसत नाही. आई समोर असली की शिक्षक आईला शिकवतो आणि मूल आईच्या चेहऱ्याकडे बघत बसतं. हॉलमध्ये शिकवणी, दार उघडं आणि मी स्वयंपाकघरात, ऐकू येईल अशी.

ऐकायचं एवढंच, की मुलाचं उत्तर चुकल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात काय होतं.

थोरलीसाठी नंतर पाथर्डी फाट्याच्या एक बाई आल्या. सातवीत झालेला वर्गविस्तार तिचा अजून कच्चा होता. ‘ए अधिक बी’चा वर्ग तिने ‘ए वर्ग अधिक बी वर्ग’ असा लिहिला. बाई चूक म्हणाल्या नाहीत, बरोबरही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “ए म्हणजे २ घे, बी म्हणजे ३. दोन्हीकडे करून बघ.” एकीकडे आले २५, दुसरीकडे १३. मग शांतता. मी लसूण सोलत होते. वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं. बाई गप्प होत्या. बऱ्याच वेळाने लेकीचा आवाज आला, “मग बाकीचे १२ कुठे गेले?”

बाईंनी तिला चौकटीच्या वहीत पाच बाय पाचचा चौरस काढायला लावला. त्यात दोन बाय दोनचा एक आणि तीन बाय तीनचा एक चौरस रंगवायला सांगितला. दोन पट्ट्या कोऱ्या राहिल्या, प्रत्येकी ६ घरांच्या. १२ सापडले. पूर्ण वेळ पेन्सिल लेकीच्याच हातात होती. मी त्याच संध्याकाळी मनाशी ठरवलं, तरी उरलेले दोन दिवस होऊ दिले.

म्हणून माझं ठाम मत आहे. जो शिक्षक मुलाची शांतता सहन करू शकत नाही, त्याला ठेवू नका, मग त्याची पदवी कितीही मोठी असो. “लक्ष कुठे आहे तुझं?”, “ताईला तर लगेच यायचं” ही वाक्यं पहिल्याच दिवशी ऐकू आली तर पुढचे दोन दिवस वाया घालवू नका. आणि नुसत्या गोडपणालाही भुलू नका. प्रत्येक उत्तराला “शाब्बास” म्हणणाऱ्या एक ताई आम्ही धाकटीसाठी ठेवल्या होत्या. तिला मजा यायची, पण सहामाहीत भागाकार होता तिथेच होता. सांभाळून घेणं म्हणजे चूक झाकणं नव्हे. चूक दाखवायची, पण मुलाला तिथे थांबायला वेळ द्यायचा.

तिसऱ्या दिवसानंतर मुलाला “आवडले का सर?” असं विचारू नका, मुलं आपल्याला बरं वाटेल तेच सांगतात. “आज काय चुकलं होतं?” असं विचारा. मूल चूक सांगून ती कशी सुधारली तेही बोलू लागलं, तर शिक्षक मिळाला.

ठरवताना

फी महिन्याच्या महिन्याला. वार आणि वेळ पक्की. शिक्षकाचं ओळखपत्र बघा आणि घरी मोठं माणूस असतानाच शिकवणी ठेवा. मुलासमोर त्याच्या मार्कांची तक्रार शिक्षकांकडे करायची नाही, हा नियम आपल्यासाठी.

महिन्याभराने

चाचणीच्या मार्कांची घाई करू नका. शिकवणीची वही उघडा. मुलाच्या अक्षरात खोडाखोड, अर्धवट सोडलेली उदाहरणं, बाजूला काढलेल्या वेड्यावाकड्या आकृत्या दिसल्या तर काम चालू आहे. पानामागून पान स्वच्छ, एकही काट नाही, असं असेल तर वही फळ्यावरून उतरवलेली आहे. शिक्षकांशी शांतपणे बोला, आणखी पंधरा दिवस द्या. तरीही पानं तशीच राहिली तर झालेल्या दिवसांची फी हातात द्या, आभार माना आणि पुन्हा शोधायला लागा.