विकिपीडियावर संदर्भ देताना या चुका टाळा

नव्या विद्यार्थी-संपादकांचा क्रमच उलटा असतो. आधी परिच्छेद लिहायचा, मग त्याला चिकटवायला संदर्भ शोधायचा. शेवटच्या रात्री गूगलवर वाक्य टाकतात आणि पहिला दुवा उचलतात. दुवा त्या विषयावरचा असतो, पण वाक्यातला दावा त्यात कुठेच नसतो. मी प्रत्येक दुवा उघडून तो आकडा किंवा ते नाव शोधते. नाही सापडलं तर वाक्य काढते. आधी वाचा, पान क्रमांकासकट टिपून घ्या, मग पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहा. वेळ लागतो, लागू द्या.

सगळ्यात चिवट चूक मात्र वेगळी आहे. विकिपीडियातलाच मजकूर फिरून विकिपीडियाला संदर्भ म्हणून येतो. एका विद्यार्थिनीने एका शास्त्रज्ञाच्या जन्मसालाला नावाजलेल्या दैनिकातल्या बातमीचा संदर्भ दिला होता. जुन्या चरित्रकोशात साल वेगळं होतं, म्हणून मी लेखाचा इतिहास, म्हणजे आधीच्या सगळ्या बदलांची नोंद, उघडून एकेक आवृत्ती मागे जात गेले. ते साल कुणीतरी खातं न उघडता, नुसत्या आयपी पत्त्यावरून, संदर्भाशिवाय घातलेलं निघालं. बातमी त्यानंतरची होती. "पण मॅडम, पेपरात छापलंय ना!" हे तिचं उत्तर. तोवर तेच साल इतर भाषांतल्या लेखांतही गेलं होतं. प्रत्येक ठिकाणी चर्चा पानावर (लेखाबद्दल संपादक जिथे बोलतात त्या पानावर) पुरावा मांडून ते काढावं लागलं.

मोठी वृत्तपत्रंही यात फसतात. फेब्रुवारी २००९मध्ये जर्मनीचे नवे अर्थव्यवस्था व तंत्रज्ञान मंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या लांबलचक नावात कुणीतरी जर्मन विकिपीडियावर खोटंच एक 'विल्हेल्म' घुसवलं. वृत्तपत्रांनी ते छापलं आणि मग तीच छापील बातमी त्या नावाचा पुरावा म्हणून विकिपीडियावर दाखवली गेली. त्यामुळे माझी सवय पक्की आहे: वादाचं साल किंवा नाव दिसलं की ते लेखात कधी आलं ते इतिहासात बघायचं आणि स्रोताच्या तारखेशी ताडायचं. स्रोत नंतरचा असेल, तर त्या मजकुराआधीचा स्रोत शोधायचा.

नुसता दुवा डकवू नका. लेखक, शीर्षक, प्रकाशक, तारीख भरा, आणि वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावरची जतन केलेली प्रतही जोडा, पानं गायब होतात. दुसऱ्या भाषेतल्या लेखाचा अनुवाद करताना न वाचलेले संदर्भ आयते उचलू नका. एआयने सुचवलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत सापडेपर्यंत ते अस्तित्वातच नाही असं धरा. आजोबांनी सांगितलेली माहिती खरी असेलही, पण ती कुठे प्रकाशित झालेली नसेल तर इथे चालत नाही.

आणि कुणी तुमचं वाक्य काढलं तर ते लगेच परत टाकू नका. चर्चा पानावर जा, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहा, उत्तराची वाट पाहा.