‘डिस्करेज’ वापरताना या चुका टाळा

‘एन्करेज’ बहुतेकांना नीट जमतं. गोंधळ होतो तो त्याच्या उलट शब्दाशी. ‘डिस्करेज’ही त्याच साच्यात बसेल असं आपण धरून चालतो, आणि तो बसत नाही.

हमखास दिसणारं वाक्य म्हणजे ‘ही डिस्करेज्ड मी टु अप्लाय’. ‘एन्करेज’च्या वाक्यात ‘टु’ येतं, म्हणून इथेही ते घुसवलं जातं. हवं असतं ‘ही डिस्करेज्ड मी फ्रॉम अप्लाइंग’. यासाठी घोकंपट्टी नको. ‘अर्ज करण्यापासून परावृत्त केलं’ असं आपण म्हणतोच, त्यातला ‘पासून’ म्हणजे हा ‘फ्रॉम’. पुढच्या क्रियापदाला ‘इंग’ लावलं की झालं.

याहून चिवट चूक मराठीतून येते. ‘निकाल पाहून मी खचलो’ म्हणायचं असतं आणि तोंडून निघतं ‘आय डिस्करेज्ड’. ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, कोणाला? कारण या क्रियापदाचा अर्थ खचणं नाही, खचवणं आहे. त्याला कर्म लागतं. स्वतःबद्दल बोलताना ‘आय वॉज डिस्करेज्ड’ किंवा ‘आय गॉट डिस्करेज्ड’. मित्राला धीर देतानाही नुसतं ‘डोन्ट डिस्करेज’ चालत नाही, ‘डोन्ट बी डिस्करेज्ड’ म्हणावं लागतं. आणि मुलाखतीत चुकून ‘आय अ‍ॅम डिस्करेजिंग’ म्हणालात, तर समोरच्याला कळतं की हा माणूस इतरांचा उत्साह मारतो! निकाल डिस्करेजिंग असतो, तो पाहणारा डिस्करेज्ड.

भाषांतरात वेगळीच गंमत होते. ‘फ्लॅश फोटोग्राफी इज डिस्करेज्ड’ या सूचनेचं ‘फ्लॅश फोटोग्राफीला निराश केले जाते’ असं मराठी कोणी केलं, तर हसावं की रडावं कळत नाही. शब्दाला दोन अर्थ आहेत. माणसाच्या मनाबद्दल असेल तर नाउमेद करणं, खच्चीकरण करणं. एखाद्या कृतीबद्दल असेल तर तिला उत्तेजन न देणं. म्हणून इथे ‘फ्लॅश शक्यतो वापरू नये’. ‘सक्त मनाई’ लिहिणं हीही चूकच, कारण बंदीसाठी इंग्रजीत ‘प्रोहिबिटेड’ आहे.

‘डिस्वेड’ म्हणजे समजावून एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करणं. त्याच्याशी गल्लत केली तर मात्र गोष्टच बदलते. ‘शी डिस्करेज्ड मी फ्रॉम रिझाइनिंग’ म्हटल्यावर मी तरीही राजीनामा दिलेला असू शकतो. ‘डिस्वेडेड’ म्हटलं की तिने मला पटवलं आणि राजीनामा राहिला, असं समजायचं.

उच्चाराचं थोडक्यात: शेवट ‘रेज’ असा ओढू नका. इंग्रजीत तो ‘डिस्करिज’च्या जवळ जातो, आणि जोर मधल्या ‘क’वर असतो. देवनागरीत आपण ‘डिस्करेज’ लिहितो ते केवळ सवयीने.