रोगसर्वेक्षणाच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेणारी कोल्हापूरकडची मुले मला बहुधा विचारतात, की जागतिक आरोग्य संघटनेबरोबर काम करायचे तर काय शिकावे. त्यांच्या डोळ्यांसमोर जिनिव्हाच्या बैठका असतात. माझा बराचसा काळ मात्र रुग्णालयांच्या नोंदवह्या चाळण्यात गेला.

भारत सरकार आणि या संघटनेने 1997 मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. पंधरा वर्षांखालील मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला, की कारण काहीही वाटो, त्याची नोंद व्हायलाच हवी आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने घेतलेले शौचाचे दोन नमुने बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे जायला हवेत, हा या कामाचा कणा. रुग्ण नसला तरी दर आठवड्याला ‘शून्य’ असा अहवाल द्यावा लागतो. नवख्यांना ही कारकुनी वाटते. पण रकाना कोरा राहिला तर रुग्ण नव्हता की कोणी पाहिलेच नाही, हे सांगता येत नाही. वन्य, म्हणजे लसीतल्या नव्हे तर निसर्गात पसरणाऱ्या विषाणूने होणाऱ्या पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, तरी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळायला 27 मार्च 2014 उजाडावे लागले, कारण तोवर शोध खरोखर चालू असल्याचा पुरावा द्यायचा होता. असा लुळेपणा इतर कारणांनीही येतोच, म्हणून पोलिओ नसलेल्या लुळेपणाचे लाख मुलांमागे वर्षाला एक प्रकरणही सापडत नसेल, तर शोधच अपुरा मानतात.

आमच्याकडे खरी कसोटी गाळप हंगामात लागते. ऊसतोड मजुरांची मुले गावच्या यादीत नसतात, टोळी आज या फडात तर उद्या त्या. अशा वेळी आशाताईंइतकेच कारखान्याचा शेती विभाग आणि टोळीचा मुकादम यांच्याशी बोलणे उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेसारख्या सहकार्य करणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्याला इथे हुकूम सोडता येत नाही. पत्र निघते ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीने, म्हणून त्या कार्यालयाची रीत आधी शिकावी. इंग्रजी अहवाललेखन नंतरही जमते, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या साहाय्याने 2012 मध्ये सुरू झालेला दोन वर्षांचा ईआयएस (एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस) हा साथींच्या तपासाचा अभ्यासक्रम आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेतही क्षेत्रीय प्रशिक्षण मिळते. अर्ज करण्यापूर्वी जिल्हा सर्वेक्षण कक्षात परवानगी काढून बसावे आणि कोणत्या केंद्राचा अहवाल सलग उशिरा येतो, तो का, हे स्वतः तिथे जाऊन पाहावे.