चेव्हनिंगची तारीख: उलटं मोजत या

ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असलेली चेव्हनिंग शिष्यवृत्ती ऑगस्टमध्ये खुली होते. 2025 मध्ये ती 7 ऑक्टोबरला बंद झाली, आदल्या वर्षी मुदत 5 नोव्हेंबर होती. म्हणजे गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका. मुदतीची वेळही नीट वाचा: 12:00 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, मध्यरात्र नव्हे.

जूनमध्ये आधी आपल्या कामाच्या अनुभवाचे तास मोजा. किमान 2,800 लागतात. आठवड्याला 40 तास धरले तर 70 आठवडे. अर्धवेळ नोकरी, इंटर्नशिपही धरतात, पण तारखा ऑफर लेटरशी जुळवून लिहा. जुलैत अर्जात द्यायचे तीन कोर्स नक्की करा आणि निबंधांचे कच्चे खर्डे लिहायला घ्या.

विद्यापीठाचा अर्ज वेगळा असतो, तो चेव्हनिंग भरून देत नाही. अनेक जण इथेच फसतात: मुलाखत छान होते, पुढच्या वर्षी जूनमध्ये निवडही होते, पण जुलैपर्यंत विद्यापीठाचा बिनशर्त प्रवेश (कुठलीही अट बाकी नसलेला) हातात नसतो.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्सक्रिप्ट (आपल्या विद्यापीठाकडून मिळणारी सगळ्या गुणांची अधिकृत नोंद) खातं, त्यामुळे त्यासाठी दोन महिने राखून ठेवा. ते आलं की नाव तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर बरेचदा आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टवर तसं नसतं. फरक दिसला तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा फार लवकरही देऊ नका.